लोणीचं पोट

उज्वलाच्या हातचं जेवून कुणाचं पोट बिघडलं, असं खांदेश्वरात कधी कुणी म्हणालं नव्हतं. उलट बाहेरचं खाऊन पोट बिघडलेली दोन-चार पोरं तिच्या मऊ भातावर आणि पातळ ताकावर खडखडीत बरी झाली होती. वीस वर्षं ती डबे देत होती. आधी नवऱ्याच्या माथाडी टोळीतल्या माणसांना, मग इमारतीत भाड्याने राहणाऱ्या पोरांना, मग स्टेशनपलीकडच्या दोन ऑफिसांना. त्यामुळे त्या सकाळी लोणी पाण्यावर तिरकी तरंगताना दिसली, तिचं पोट टम्म फुगलेलं होतं आणि हे आपल्याच हातून झालंय हे उज्वलाच्या ध्यानात आलं, तेव्हा हातातला पोळपाट तसाच धरून ती हॉलमधल्या फरशीवर बसली.

लोणी म्हणजे अ‍ॅक्सोलॉटल. सॅलॅमँडरच्या जातीतला, जन्मभर पाण्यातच राहणारा प्राणी. वीतभर लांब, चार इवले पाय, पालीसारखी ठेवण. पण अंगावर खवले नाहीत, कातडी मऊ, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे कल्ले. तोंडाची ठेवणच अशी, की सदा हसतेय असं वाटावं. लोणी पांढरी होती म्हणून लोणी, आणि तिच्या जोडीची काळी ती काजळ. दोघींना घरात आणलं ते उज्वलाच्या लेकीने, जाईने. तिच्या कॉलेजातला शिवतेज नावाचा मित्र परदेशी शिकायला निघाला, त्याने रडवेल्या चेहऱ्याने काचेच्या टाकीसकट दोघी हिच्या स्वाधीन केल्या. जाईने त्या जिवापाड सांभाळल्या. आपल्याकडच्या उकाड्यात त्यांचं पाणी थंड राहावं म्हणून टाकीला यंत्र बसवलं, तळाला खडी होती ती त्यांनी गिळू नये म्हणून काढून टाकली.

हौसेरावांनी, म्हणजे उज्वलाच्या नवऱ्याने, पहिल्या दिवशी टाकीत डोकावून पाहिलं आणि विचारलं होतं, "आगं, पालीची पिल्लं पाण्यात कशापायी टाकलीत?" ते वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी. रात्री जायचं, सकाळी उन्हं वर आल्यावर यायचं, जेवून दुपारभर झोपायचं. पण थोड्याच दिवसांत झोपायच्या आधी टाकीसमोर दोन मिनिटं उभं राहायची सवय त्यांनाही लागली.

मग जाईला बंगळुरूला नोकरी लागली. राहायची सोय कंपनीजवळच्या एका वसतिगृहात. तिथे मांजराचं पिल्लू ठेवायचीसुद्धा परवानगी नाही. निघताना तिने आईला टाकीपुढे उभं केलं.

"हे बघ आई. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. हे तळाला जाणारे दाणे, एवढेच. राहिलेलं लगेच काढून टाकायचं. बास."

"आठवड्यातनं दोनदा?" उज्वलाने डोळे मोठे केले. "उपासाला बसवतीस काय त्यांना?"

"त्या मोठ्या झाल्यात आता. त्यांना एवढंच लागतं. आणि तू समोर गेलीस की त्या काचेला येऊन मागतील. त्यांना काय, कधीही मागतात. तू फसू नकोस."

उज्वलाने मान हलवली. पण तिचं मन त्या हिशोबाला तयार नव्हतं. ही जाई जन्मली तेव्हा मुठीएवढी होती. खायची नाही, प्यायची नाही, घास तोंडात धरून तासभर बसायची. तुर्भ्याच्या एका खोलीत राहत होते तेव्हा, उज्वला वाटी घेऊन तिच्यामागे जिन्यावरून खालपर्यंत धावायची. कोरेगावहून आलेली सासू म्हणायची, "पोरगी हाताला लागत न्हाय गं, बघ बाई." ते वाक्य उज्वलाच्या काळजात रुतून बसलं होतं. लेक मोठी झाली, धडधाकट झाली, नोकरीला लागली, तरी फोनवर पहिला प्रश्न एकच: जेवलीस का? आता ती लेकही दूर. डबे भरून गेले की अकराच्या सुमाराला घर सुनं व्हायचं. हौसेराव घोरत असायचे. आणि टाकीच्या काचेला नाक लावून दोन हसरी तोंडं तिच्याकडे बघत असायची.

पहिले काही दिवस तिने दाणेच टाकले. एकदा पाकीट उघडून वास घेतला. "हे काय अन्न झालं? वाळकं खडं नुसतं." मग डब्यासाठी आणलेल्या चिकनचा एक बारीक तुकडा तिने चिमट्यात धरून लोणीपुढे नेला. लोणीने अख्खं तोंड उघडून तो असा गटकन ओढला की उज्वलाला आनंदाने हसू आलं. कुणी इतकं मनापासून तिच्या हातचं खाल्लं की तिचा दिवस बरा जायचा. दुसऱ्या दिवशी कलेजी. मग उकडलेलं अंडं. मग रोज, आणि रोज दोनदा. काजळ जरा आळशी, ती एखादा तुकडा घ्यायची आणि कोपऱ्यात जाऊन पडायची. लोणी मात्र कधीच नाही म्हणायची नाही.

आणि आता लोणी पाण्यावर होती. शेपूट वर, पोट फुगलेलं, खाली जायचा प्रयत्न करायची आणि बुचासारखी पुन्हा वर यायची. कल्ल्यांचा गुलाबी रंग फिका पडला होता.

हौसेराव मार्केटातून आले तेव्हा बायको फरशीवर बसलेली.

"आवं, मी मारलं हो त्या लेकराला," ती म्हणाली.

हौसेरावांनी पिशवी खाली ठेवली, टाकीजवळ गेले, वाकून बघितलं. "कल्ले हलत्यात की. जितं हाय ते. रडतीस काय? ऊठ, जाईला फोन लाव."

फोन लावायला उज्वलाचा हात धजेना, पण तिने लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. कलेजी, अंडं, सगळं. काहीच हातचं राखलं नाही. उज्वलाला वाटलं, आता पोरगी ओरडेल. ओरडली असती तर बरंही वाटलं असतं.

"आई, मी येऊ का?" जाईने विचारलं.

"तू येऊन पोचेस्तोवर काय हुईल? मला डॉक्टर सांग. मी नेते."

बेलापूरला पक्षी, कासवं, ससे बघणाऱ्या एक डॉक्टर होत्या, नमिता नावाच्या. जाईने त्यांना फोन केला, वेळ घेतली, आणि आईला कसं न्यायचं ते सांगितलं. झाकणाच्या डब्यात टाकीतलंच थंड पाणी, झाकणाला भोकं, बाहेरून ओला टॉवेल आणि गार पाण्याची बाटली टेकवून ठेवायची. त्या दिवशीचे डबे हौसेरावांनी पोचवले, आयुष्यात पहिल्यांदा. रात्रभर गोण्या वाहिलेला माणूस, न झोपता पिशव्या घेऊन जिने चढत होता. उज्वला रिक्षात मांडीवर डबा घेऊन बसली आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी तो उचलून धरत राहिली.

डॉक्टर नमिता चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लोणीला पाण्यातूनच नीट न्याहाळलं, हात ओले करून अलगद पोट चाचपलं, मग एक्स-रे काढला. उज्वला बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी एक बाई पोपटाचा पिंजरा घेऊन बसलेली. ती काहीतरी विचारत होती, पण उज्वलाच्या कानावर पडत नव्हतं.

आत बोलावलं तेव्हा तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "डॉक्टर, मीच केलंय. कलेजी घातली रोज. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण ही जगंल का?"

"बसा, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "जगेल."

उज्वला बसली. मग तिला रडू आलं. मघाचं नव्हे, वेगळंच, हलकं करणारं. डॉक्टरांनी तिला तेवढा वेळ दिला आणि मग एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हे बघा. पोटात दगड नाही, पाणी साठलेलं नाही. जखम नाही. नुसतं अन्न आणि वायू आहे. चरबीचं, न पचणारं खाणं रोज रोज गेलं, ते आतच अडकलं. त्या वायूमुळेच ती खाली बसू शकत नाही, वर तरंगतेय. तुम्ही लवकर आणलंत, हे चांगलं झालं."

"औषध?"

"सध्या औषध एकच. काहीही खायला द्यायचं नाही."

उज्वलाने मान वर केली. "कायच न्हाय?"

"काहीच नाही. वेगळ्या टबात उथळ, थंड, स्वच्छ पाणी. रोज बदलायचं. आणि वाट बघायची. शी झाली की मला फोन करा." मग त्या जरा हसल्या. "तुमच्यासारख्यांना हेच सगळ्यात अवघड जातं, मला माहीत आहे. उपाशी ठेवून आणलेले प्राणी मी क्वचित बघते. लाड करून आणलेलेच जास्त."

ते दिवस उज्वलाला खरंच कठीण गेले. टबात लोणी, टाकीत काजळ. टबाजवळ गेलं की लोणीचं हसरं तोंड वर यायचं आणि उज्वलाचा हात आपोआप फ्रिजकडे वळायचा. मग ती तो हात पदराला पुसायची आणि पाणी बदलायला घ्यायची. पाणी थंड करून, निवळून ठेवायचं, जुनं अलगद काढायचं, नवं अलगद घालायचं. या खटाटोपात तिच्या लक्षात आलं, की हीसुद्धा एक उस्तवारच आहे. भरवणं नव्हे, पण हात रिकामा राहत नव्हता. जाई रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "झाली का?" आई म्हणायची, "अजून न्हाय." एकदा तर फोन ठेवल्यावर उज्वलाला आठवलं, की आज आपण लेकीला जेवलीस का हे विचारलंच नाही. आणि लेक काही उपाशी राहिली नव्हती.

मग एका सकाळी, पोळ्या लाटून झाल्यावर, ती पाणी बदलायला गेली आणि टबाच्या तळाशी काळसर असं काहीतरी दिसलं. बरंच होतं. आणि लोणी त्याच्या शेजारी तळावर, चारी पाय टेकून, आरामात बसली होती. तरंगत नव्हती.

"आवं!" उज्वलाने अशी हाक मारली की नुकतेच आडवे झालेले हौसेराव दचकून उठले. "आवं, शी झाली!"

"कुणाला?"

"लोणीला! बसलीया बघा कशी खाली!"

हौसेराव बनियनवरच आले, टबात बघितलं, आणि त्या रांगड्या माणसाने कपाळाला हात लावून वर छताकडे नमस्कार केला. उज्वलाने जाईला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, तिने कट केला. उज्वलाने पुन्हा लावला. शेवटी जाई बाहेर येऊन कुजबुजली, "काय झालं?" आणि ऐकल्यावर बंगळुरूच्या त्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये ती इतक्या मोठ्याने "येस!" म्हणाली की आईला फोन कानापासून लांब धरावा लागला.

डॉक्टरांना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान. आता खरं काम. यापुढे हिला काय द्यायचं ते ठरवू."

पुन्हा बेलापूरला जाणं झालं. या वेळी उज्वला बाकावर स्वस्थ बसली, शेजारणीशी गप्पाही मारल्या. आत गेल्यावर तिने एकेक विचारून घेतलं, जशी बाजारात भाजी निवडावी तशी.

"चिकन?"

"नको. कलेजी, मटण, काहीच नको. जमिनीवरच्या जनावरांची चरबी यांना पचत नाही."

"जिती मासळी? बारकी?"

"त्यातून रोग येतात. आणि काटे."

"सोललेली कोळंबी? मीठ न लावता?"

"कधीतरी, खाऊ म्हणून. रोजचं जेवण म्हणून नाही. त्या बाजारात मिळतात त्या गोठवलेल्या लाल अळ्या, त्याही तशाच. दाणे चालतात, तुमच्या मुलीने आणले ते चांगले आहेत. पण सगळ्यात उत्तम एकच, गांडूळ. यांना जे जे लागतं ते बहुतेक सगळं त्यात असतं."

उज्वलाचं माहेर शेतकऱ्याचं. नांगरटीत गांडूळ वर आलं की वडील ते उचलून बाजूला मातीत ठेवायचे. त्याचा घास करायचा, हे तिच्या मनाला जरा टोचलं.

"किती?"

"आठवड्यातून दोन-तीन वेळा, एक-एक मोठं, किंवा दोन लहान. आणि मापाला वजनकाटा नको. वरून बघायचं. डोकं जेवढं रुंद, पोट साधारण तेवढंच हवं. पोट जास्त झालं, एक वेळ गाळायची. कमी झालं, एक वाढवायची."

हे माप उज्वलाला एकदम पटलं. ती स्वतः मीठही हाताच्या अंदाजाने घालायची.

गांडुळं आणायची कुठून हा पुढचा प्रश्न. सोसायटीच्या बागेत भरपूर होती, पण तिथे डासांची फवारणी व्हायची; डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, फवारलेल्या मातीतलं काही नको. हौसेरावांनी पनवेलच्या एका नर्सरीतून बारीक, लालसर गांडुळं आणली. काजळने एक खाल्लं. लोणीने तोंडात घेतलं आणि फुर्रकन बाहेर थुंकलं. दुसरं दिलं, तेही थुंकलं. तोंड वाकडं करून ती कोपऱ्यात निघून गेली.

एवढ्या दिवसांची उपाशी, आणि आता खात नाही? उज्वलाने लगेच डॉक्टरांना फोन केला.

"घाबरू नका," डॉक्टर हसत होत्या. "त्या लाल जातीच्या अंगातून कडू पाणी सुटतं. काहींना चालतं, काहींना नाही. तुमच्या लोणीची जीभ चोखंदळ झालीये, तुमच्या हातचं खाऊन. मोठी जात बघा, आफ्रिकन म्हणतात तिला. गांडूळखत करणाऱ्यांकडे असते."

उज्वलाला करंजाडेची सुनयना आठवली. मूळची त्याच गावची. घरामागच्या वाडीत गांडूळखत करून विकायची. उज्वलाच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याला खत तिच्याचकडचं. उज्वला दुपारचे डबे आटोपून तिच्याकडे गेली.

"सुनयना, मला मोठी गांडुळं पायजेत."

"गलाला लावायला का, ताई? मासे धरनार?"

"न्हाय गं. आमच्या पोरींना खायला."

सुनयनाचा हात खताच्या घमेल्यातच थांबला. "कोनाला?"

मग उज्वलाने फोनवरचा फोटो दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. सुनयना हसून हसून तिथेच पायरीवर बसली. "आनि मी म्हनते जाईला काय झाला! थांबा, देते." तिने गोणपाट बाजूला केलं, ओल्या, काळ्या, चहाच्या चोथ्यासारख्या खतात हात घातला आणि करंगळीएवढी जाड, निळसर चकाकणारी गांडुळं वर काढली. "आमच्याकडं फवारनी-बिवारनी काय नाय. शेन आनि पालापाचोला. बिनधास्त घाला."

तिने मूठभर खतासकट एका डब्यात ती भरून दिली आणि ओलसर, सावलीत कशी ठेवायची तेही सांगितलं.

घरी येऊन उज्वलाने एक गांडूळ पाण्याखाली अलगद धुतलं. हातावर ते वळवळत होतं. "माफ कर रे बाबा," ती पुटपुटली, आणि चिमट्याने ते लोणीपुढे धरलं. हौसेराव मागे उभे. लोणी आधी हललीच नाही. मग डोकं किंचित तिरकं झालं. मग एकदम तोंड उघडलं आणि अर्धं गांडूळ आत. थुंकते की काय म्हणून दोघेही श्वास धरून बघत राहिले. लोणीने मान झटकली, आणखी एक झटका, आणि उरलेलंही आत गेलं. मग ती तळाला गेली आणि चारी पाय पसरून बसली.

"संपलं," हौसेराव म्हणाले. "आता आणखी नगं देऊ हां."

"न्हाय देत," उज्वला म्हणाली, आणि चिमटा धुऊन जागेवर ठेवला. लोणी काचेला येऊन मागायला लागली तशी ती तिच्याकडे बघून हसली आणि आपल्या कामाला लागली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला वाटत होतं. त्या दुपारी ती पंख्याखाली चटईवर पडली आणि किती दिवसांनी गाढ झोपली.

गणपतीच्या सुट्टीत जाई आली. बूट न काढताच टाकीपुढे जाऊन बसली. लोणी टाकीत परतून आता बरेच दिवस झाले होते. तिचे कल्ले पुन्हा गुलाबी, दाट, फुललेले. जाईने वरून नीट पाहिलं: डोकं जेवढं, पोट तेवढंच. काजळ शेजारी शेवाळाच्या गोळ्यावर डोकं टेकून पडलेली.

"आई," ती म्हणाली, "माझ्याकडे होत्या तेव्हापेक्षा बऱ्या दिसतायत गं."

"आता दाणे एकदा आन् गांडूळ दोनदा," उज्वला स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज त्यांचा वार हाय. तूच घाल. डबा कुंडीमागं हाय, सावलीत."

जाईने गांडूळ धुतलं, चिमट्यात धरलं. लोणीने ते ओढून घेतलं आणि काजळही मागून येऊन तिला धडकली, तशी जाई लहान पोरीसारखी खिदळली. खोलीतून हौसेराव डोळे चोळत बाहेर आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि टाकीकडे एक नजर टाकून बायकोला म्हणाले, "त्यांचं झालं ना? मग वाढ आता आमाला. भूक लागलीया."